१३१८ सालचा कागद?

आजची गोष्ट आपल्या जिंतूरमधलीच.

एका मित्राच्या घरी लोखंडी पेटीत कापडात बांधलेलं दप्तर निघालं. सगळं मोडीत. त्याला वाचता आला तो फक्त एक आकडा, १३१८. झालं! पोरगं नाचायलाच लागलं, "देवगिरीचे यादव संपले त्या सुमाराचा कागद आहे भाऊ!"

तो कागद मोडी शिकलेल्या एका काकांना दाखवला. त्यांनी एक शब्दही न वाचता सांगितलं, "इतका जुना नाही हा."

कसं ओळखलं? अक्षराच्या वळणावरून. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. पण हात काळाप्रमाणे बदलतो. म्हणून जाणकार यादवकालीन, बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशी वळणं वेगळी काढतात. पेशवाईत बोरूने लिहायचे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक. पुढे टाक आणि फाउंटन पेन आले, रेघ बारीक झाली, लिहिणं घाईचं झालं. आपल्या कागदावर टाकाचीच रेघ होती.

मग १३१८ काय? फसली सन! निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनाने चालायचं. त्यात ५९० मिळवा, १९०८ येतं. सहाशे वर्षांची चूक, केवळ एका आकड्यापायी.

युरोपातही हीच कसरत. तिथे १२व्या ते १५व्या शतकात गॉथिक वळण चालायचं. आय, एम, एन, यू ही अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या दांड्या, शेजारी शेजारी. कुठे कोणतं अक्षर संपलं तेच कळेना, म्हणून 'आय'वर खूण करायची पद्धत पडली. आज आपण देतो तो टिंब तिथून आला! आणि अक्षरावरून काळ ठरवायचं शास्त्र? जाँ माबियों या फ्रेंच साधूने १६८१ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. खऱ्या सनदा कोणत्या, बनावट कोणत्या, हा तिथला वाद होता.

इथला प्रश्न वेगळा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या नोंदींमध्ये 'कुणबी' हा शब्द शोधणं सुरू झालं. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. मित्राने पेटी उघडली ती त्यासाठीच. इतिहासाची आवड वगैरे नंतरची गोष्ट.

काकांनी भिंग लावून हळूहळू वाचलं. तिसऱ्या ओळीत पणजोबांचं नाव सापडलं, बापाच्या नावासकट. मित्राची आजी तर उठून बसली. पुढचा शब्द मात्र नेमका घडीवर आलाय, तिथे कागद विरलाय. आता दुसऱ्या गाठोड्यातले कागद काढलेत. काका रविवारी परत येणार आहेत.