चांदणी चौक : एका बाह्यवळणाचा इतिहास

रस्त्यांचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा राजमार्ग, घाट आणि पूल यांच्याकडे जाते. रस्ते जिथे एकमेकांना भेटतात त्या जागा मात्र उपेक्षित राहतात. वास्तविक अशा जागांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मुख्य रस्त्याला दुसरा फुटतो तो फाटा, तीन वाटा मिळतात ती तिकटी किंवा तिठा, जकातीसाठी अडवतात तो नाका, गावाची हद्द सांगते ती वेस. या प्रत्येक शब्दात माणसाचे क्षणभर थांबणे गृहीत आहे. 'चौक' हा शब्द तर रस्त्याला जसा लागतो तसाच वाड्याच्या मधोमध असलेल्या मोकळ्या जागेलाही लागतो. चौक म्हणजे केवळ ओलांडण्याची नव्हे, तर थांबण्याची आणि भेटण्याची जागा. महामार्गावर एकावर एक रस्ते रचून केलेल्या इंटरचेंजला मात्र आपल्याकडे अजून रुळलेला शब्द नाही. हा केवळ भाषेचा आळस आहे, की त्या जागेचे स्वरूपच आपल्या शब्दांत मावत नाही? पुण्याच्या पश्चिमेकडील चांदणी चौकाच्या पुनर्बांधणीकडे या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहता येईल.

या जागेचे महत्त्व महामार्गाच्या आधीचे आहे. येथून पश्चिमेला निघणारा रस्ता भूगाव, पिरंगुट, पौड असा मुळशीला जातो. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले, तेव्हा ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही ओळख याच लढ्याने दिली. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची जमीन किती आणि कोणत्या न्यायाने घ्यावी, हा प्रश्न या रस्त्याच्या टोकाला शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता. पुढे १९४९ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पायाभरणी झाली आणि त्या दिशेच्या वाटेलाही महत्त्व आले.

नंतर आला तो कात्रज ते देहूरोड हा बाह्यवळण रस्ता. मुंबई-बंगळूर महामार्गावरील वाहनांनी पुण्यात न शिरता बाहेरून निघून जावे, हा त्याचा हेतू. बाह्यवळणाची कल्पना एका गृहीतकावर उभी असते : आत शहर आहे, बाहेर माळ आहे आणि दोहोंतील सीमा टिकणार आहे. हे गृहीतक दहा-वीस वर्षांतच कोसळले. कोथरूड डोंगरापर्यंत पोचले, १९९७ साली बावधन खुर्द महापालिकेत आले, हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये उभी राहिली आणि सकाळ-संध्याकाळ तिकडे जाणाऱ्या नोकरदारांना हाच महामार्ग सोयीचा ठरला. शहराला टाळण्यासाठी बांधलेला रस्ता असा शहराचाच रस्ता झाला. साताऱ्याहून मुंबईला निघालेला मालमोटारीचा चालक आणि वारज्याहून हिंजवडीला निघालेला दुचाकीस्वार एकाच अरुंद खिंडीत येऊन अडकू लागले. वरून आडवा जाणारा पूल रुंदीकरणाच्या आड येत होता. कोंडीचे कारण मात्र केवळ तो पूल नव्हता. शहर कुठवर वाढेल याविषयीचा आपला अंदाज हेही तिचे कारण होते.

पुनर्बांधणीची कोनशिला ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते बसली. परंतु भूसंपादनामुळे काम रेंगाळले. ऑगस्ट २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः या कोंडीत सापडले आणि त्यानंतर हालचालींना वेग आला. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटके वापरून जुना पूल उडवण्यात आला. तो एका दमात पडला नाही. अपेक्षेहून अधिक लोखंड निघाल्यामुळे उरलेला सांगाडा यंत्रांनी तोडावा लागला. १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या रचनेचे लोकार्पण झाले. खर्चाचा आकडा सुमारे ८६५ कोटी रुपये सांगितला गेला.

या कामाने वाहनचालकांचा त्रास हलका झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. रोज तासभर धुरात उभे राहणे हा काही सांस्कृतिक वारसा नव्हे. परंतु लोकार्पणानंतरच्या दोन तक्रारी बोलक्या आहेत. पहिली, कोणत्या रस्त्याने कुठे जायचे हे कळत नाही. दिशाफलक अपुरे पडतात. दुसरी, पायी चालणाऱ्याने महामार्ग ओलांडायचा कसा? पादचारी पुलाची मागणी मागाहून जोर धरते, याचा अर्थ आराखड्यातील प्रवासी प्रामुख्याने चाकांवर बसलेला होता. बसमधून उतरून पलीकडच्या वस्तीत जाणारी घरकामगार बाई त्या आराखड्याची नायिका नव्हती. साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत परिचित आहे : कोणाला पात्र म्हणून स्थान मिळाले आणि कोण केवळ पार्श्वभूमीला राहिले, यावरूनच संहितेची दृष्टी कळते. रस्त्याचा आराखडाही त्याच रीतीने वाचता येतो.

शिवाय रुंद रस्ता कोंडी कायमची सोडवतो, असा इतिहासाचा निर्वाळा नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ साली दाखवून दिले, की शहरातील द्रुतगती रस्त्यावर गर्दीच्या वेळची वाहतूक वाढत वाढत पुन्हा त्याची क्षमता गाठते. कारण पूर्वी वेगळी वाट, वेगळी वेळ वा वेगळे वाहन निवडणारे लोक मोकळ्या रस्त्याकडे वळतात. २०११ साली ड्युरांटन आणि टर्नर यांच्या अभ्यासानेही याला दुजोरा दिला. म्हणूनच जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाज ते चांदणी चौक या मेट्रोच्या विस्ताराला दिलेली मान्यता महत्त्वाची वाटते. तो मार्ग झाला, तर या जागी लोक पुन्हा पायी येतील, उतरतील, थांबतील.

मुळशीच्या सत्याग्रहींनी विजेला विरोध केला नव्हता. तिची किंमत कोण मोजणार, हे विचारले होते. चांदणी चौकाविषयीही तोच प्रश्न विचारायला हवा. इथे वेग कोणाला मिळाला आणि वाट कोणाची बंद झाली? चार दिशांनी आलेल्या माणसांना जिथे निर्धास्त उभे राहता येत नाही, त्या जागेला चौक हे नाव आपण केवळ सवयीने देत असतो. नाव टिकले आहे. अर्थ टिकवण्याचे काम अजून बाकी आहे.