वासरांच्या रोगजंतूंमधील प्रतिजैविक-प्रतिरोध

गाई-म्हशींच्या नवजात पिलांना हगवण, न्युमोनिया वा रक्तदोष करणाऱ्या जिवाणूंना नेहमीची प्रतिजैविके लागू न पडण्याची स्थिती. ई. कोलाय, साल्मोनेला व पाश्चुरेला हे यातले मुख्य जिवाणू. प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात आणि एका जिवाणूतून दुसऱ्या जातीच्या जिवाणूतही जातात. एकाच कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असली, तर टेट्रासायक्लिनच्या वापरातून अँपिसिलिनला न जुमानणारे जंतूही तगून राहतात. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात वासरांमधला असा बहुप्रतिरोधी साल्मोनेला माणसांतही पसरला. जनावरांमधील प्रतिजैविकांच्या वापराविषयीच्या १९६९च्या स्वान अहवालामागे हाही अनुभव होता.

महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर कोल्हापूर हा म्हशींच्या दुधाचा जिल्हा. येथील ‘गोकुळ’ दूध संघाचा (स्थापना १९६३) पशुखाद्य कारखाना करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीत आहे. दुभत्या म्हशीच्या खुराकाकडे गोठ्यात जेवढे लक्ष असते, तेवढे रेडकाकडे क्वचितच जाते. नर रेडकाकडे तर त्याहून कमी. प्रतिरोधाचा प्रश्न खरे तर इथूनच सुरू होतो. वार पडल्याशिवाय चीक पाजू नये, हा समज ग्रामीण महाराष्ट्रात अजून आहे. वार पडायला कित्येक तास लागतात. चिकातली प्रतिद्रव्ये शोषण्याची आतड्याची क्षमता मात्र जन्मापासूनच घटत जाते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. तीस किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात सुमारे तीन लिटर चीक हवा, त्यातला पहिला हप्ता जन्मल्यावर तास-दोन तासांत. तो चुकला की पिलू हगवणीला बळी पडते आणि इंजेक्शनची पाळी येते.

अशी हगवण अनेकदा रोटाव्हायरस या विषाणूची किंवा क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीची असते. त्यांच्यावर नेहमीच्या प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, उलट आतड्यातल्या इतर जिवाणूंमधले प्रतिरोधी तेवढे निवडले जातात. पिलू दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. डोळे खोल गेले, कान गार पडले, तर आधी क्षार-ग्लुकोजचे पाणी. ताप, शेणात रक्त किंवा दूध ओढणे बंद झाले असेल, तर पशुवैद्याने ठरवून प्रतिजैविक.

दगडी (स्तनदाह) झालेल्या म्हशीच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली की ते दूध डेअरीला घालता येत नाही, म्हणून रेडकाला पाजले जाते. त्यातून औषधाची अपुरी मात्रा रोज पोटात जाते, आणि प्रतिरोधी जंतूंना हेच मानवते. ही सवय कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. माणसांसाठी अखेरचा उपाय मानलेल्या कोलिस्टिनच्या अन्नोत्पादक जनावरांमधील वापरावर मात्र केंद्र सरकारने जुलै २०१९मध्ये बंदी घातली. पशुखाद्यातील पूरकांनाही ती लागू आहे.