सनद कुठे आहे? इस्नादपासून झोटेरोपर्यंत

'सनद' हा शब्द मराठी माणसाला परका नाही. इनामाची सनद असते, वकिलीची सनद असते, सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर नागरिकांची सनद टांगलेली असते. आपल्याकडे या शब्दाचा 'अधिकाराचा लेखी पुरावा' एवढाच अर्थ रूढ झाला. मूळ अरबीत सनद म्हणजे टेकू, आधार. ज्यावर भार टाकता येतो ती गोष्ट. हदीसच्या अभ्यासकांनी हाच शब्द एका खास अर्थाने वापरला. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे एखादे वचन ज्या ज्या माणसांच्या तोंडून पुढच्या पिढीपर्यंत आले, त्या माणसांची साखळी म्हणजे सनद. ती साखळी सांगण्याच्या रीतीला 'इस्नाद' म्हणतात.

एम.ए., पीएच.डी. करणारी आपली मुले-मुली 'सायटेशन' आणि 'रेफरन्स मॅनेजर' हे शब्द ऐकले की दचकतात. हे काहीतरी इंग्रजी, संगणकी प्रकरण आहे, मार्गदर्शक मागतात म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकायचे, असा समज आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणारा शिक्षक म्हणून मला वाटते, की हे काम आपल्या घरातलेच आहे. साधन नवे आहे, सवय हजार वर्षांहून जुनी आहे.

हदीसच्या कोणत्याही जुन्या संग्रहात प्रत्येक नोंदीचे दोन भाग दिसतात. आधी सनद, मग मत्न, म्हणजे मूळ मजकूर. मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने सांगितले, त्याने अमुक सहाबींकडून ऐकले. आणि मग वचन. वाचकाला मजकुराआधी माणसांच्या रांगेतून जावे लागते. इसवी सनाच्या आठव्या शतकातील विद्वान अब्दुल्लाह इब्न मुबारक तर इस्नादला धर्माचाच भाग मानत. आधार सांगण्याची सक्ती नसेल तर ज्याला जे वाटेल ते तो बोलेल, अशी त्यांची भीती होती.

नुसती नावे घेऊन भागत नव्हते. ती माणसे खरोखर होती का? एकमेकांना भेटली होती का? त्यांची स्मरणशक्ती कशी होती, व्यवहारात खरी होती का? हे तपासण्यासाठी 'अस्माउर्रिजाल' नावाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. इमाम बुखारी (मृत्यू इ.स. ८७०) आपल्याला 'सहीह'मुळे माहीत असतात. पण त्यांचा 'अत्-तारीख अल्-कबीर' हा ग्रंथ म्हणजे हदीस सांगणाऱ्या हजारो माणसांचा चरित्रकोश आहे. अकराव्या शतकात बगदादच्या खतीब बगदादी यांनी एकाच नावाच्या वेगवेगळ्या व्यक्ती ओळखता याव्यात म्हणून स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हा प्रश्न किती आजचा आहे, ते पुढे येईलच.

साखळीतील दोषांनाही नावे होती. मधली कडी तुटली असेल तर ती सनद 'मुन्कता'. सांगणाऱ्याने मधला माणूस लपवला आणि थेट वरच्याकडून ऐकल्याचा आभास निर्माण केला, तर ती 'तद्लीस'. आणि मजकूरच बनावट असेल तर तो 'मौजू'. मौजू हदीसनाही सनद जोडलेली असे, आणि कधीकधी ती दिसायला अगदी निर्दोष असे. म्हणून सनद आहे एवढ्यावर कोणी समाधान मानत नसे, ती तपासावी लागे.

तोंडी परंपरेबरोबर कागदाचे युग आले. बगदादमध्ये ग्रंथांच्या नकला करणारे आणि विकणारे 'वर्राक' होते. त्यांच्यापैकी एक, इब्न नदीम, याने हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ.स. ९८७-८८ च्या सुमारास, 'अल्-फिहरिस्त' तयार केला. अरबीत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची आणि त्यांच्या लेखकांची दहा प्रकरणांत मांडलेली ही सूची आहे. त्यातील असंख्य ग्रंथ पुढे नष्ट झाले. ते होते हे आज आपल्याला कळते, ते या नोंदींमुळे. हा मूळचा फारसी शब्द मराठीतही आला. जुन्या दप्तरांत यादीला 'फेरिस्त' म्हणत. सतराव्या शतकात इस्तंबूलच्या हाजी खलीफाने 'कश्फुज्-जुनून' या सूचीत सुमारे साडेचौदा हजार ग्रंथ वर्णानुक्रमे नोंदवले. त्याच्या शंभर वर्षे आधी, १५४५ मध्ये, झ्युरिकच्या कॉनराड गेस्नरने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची मोठी सूची छापली होती. मराठीत हे काम शंकर गणेश दाते यांनी केले. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १९४३ साली निघाला. मराठी संशोधन या एका माणसाच्या चिकाटीचे किती देणे लागते, हे सूची हातात घेतल्यावरच कळते.

आता आपल्या दख्खनकडे येऊ. मुहम्मद कासिम फरिश्ता हा कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादमध्ये जन्मला, वडिलांबरोबर अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. तेथे दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. हाच तो 'तारीख-ए-फरिश्ता'. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्याने आपण वापरलेल्या तीसहून अधिक ग्रंथांची नावे दिली आहेत. त्याच्या थोडे आधी अकबराच्या दरबारातील निजामुद्दीन अहमदनेही 'तबकात-ए-अकबरी'त अशी यादी दिली होती. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी विजापुरात बसून लिहिणाऱ्या इतिहासकाराला संदर्भसूची देणे हे आपले कर्तव्य वाटत होते. फरिश्ताचे सगळे म्हणणे खरे मानावे असे नाही. त्याच्या चुका अनेकांनी दाखवल्या आहेत. पण आपले आधार त्याने उघड केले, म्हणूनच त्या दाखवणे सोपे झाले.

आता संगणकाचे पाहू. १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी गणित-विज्ञानाचे लेखन करणाऱ्यांसाठी 'बिबटेक' तयार केले. त्यानंतर काही वर्षांतच 'एंडनोट' बाजारात आले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटावे असे 'झोटेरो' २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात जन्मले. इतिहासकारांनी आपल्या गरजेपोटी ते उभे केले आणि मोफत ठेवले. त्याचे नाव अल्बेनियन भाषेतील एका क्रियापदावरून घेतले आहे. अर्थ, एखादी गोष्ट आत्मसात करणे.

त्याचे काम समजायला सोपे आहे. एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुस्तकाचे पान उघडून बटण दाबले की लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष हे सारे वेगवेगळ्या रकान्यांत जाऊन बसते. प्रबंध लिहिताना हव्या त्या ठिकाणी ती नोंद घालायची. तळटीप तयार होते, शेवटी संदर्भसूचीही आपोआप लागते. उद्या मार्गदर्शक म्हणाले की शिकागो पद्धत नको, एपीए हवी, तर क्षणात सगळे बदलते. हाताने कार्डे लिहून हे करणाऱ्या पिढीला हे वरदानच वाटेल.

मात्र हे रकाने ज्यांनी आखले त्यांच्या डोळ्यांसमोर युरोपीय नावे होती. झोटेरो लेखकाचे आडनाव आणि पहिले नाव वेगळे मागते. हमीद दलवाई असतील तर अडचण नाही, 'दलवाई' आडनावाच्या रकान्यात जाते. पण फरिश्ताचे काय करायचे? मुहम्मद कासिम हे नाव, हिंदू शाह हे घराण्याकडून आलेले, अस्तराबादी हे गावावरून, फरिश्ता ही प्रसिद्धीची ओळख. आडनाव यात एकही नाही. श्रीगोंद्याचे संतकवी, 'योगसंग्राम'कर्ते शेख महंमद घ्या. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असे संगणकाने धरले, तर त्यांची नोंद 'महंमद, शे.' अशी होते. असा कोणी संत महाराष्ट्राला ठाऊक नाही. अब्दुल हक यांचे 'हक, अ.' केले की भाषेच्या दृष्टीनेही नाव मोडते. कारण 'अब्दुल हक' म्हणजे 'सत्याचा, म्हणजे ईश्वराचा, दास', आणि नुसते 'हक' हे ईश्वराचे नाव आहे.

आपल्या शाळांच्या हजेरीपटावर 'शेख' आधी येतो, इंग्रजी कागदावर तोच शेवटी जातो. एकाच माणसाच्या दोन लेखांवर दोन नावे पडतात. उलट, 'शेख, अ.' या एका नोंदीखाली अय्युब, अन्वर, असलम आणि आयेशा असे चौघे एकत्र होऊ शकतात. खतीब बगदादींनी हाताळलेला प्रश्न तो हाच. संशोधकाला कायमचा क्रमांक देणारी 'ऑर्किड' ही व्यवस्था २०१२ पासून सुरू आहे. लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो क्रमांक घ्यावा. आणि जुन्या लेखकांसाठी झोटेरोत उपाय आहे. नावाच्या रकान्याशेजारचे बटण दाबले की दोन रकान्यांचा एक होतो. तिथे 'शेख महंमद' असे पूर्ण लिहावे, म्हणजे ते तसेच राहते.

दुसरी अडचण सनांची. फरिश्ताचा ग्रंथ हिजरी १०१५ चा. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते इसवी सनाच्या १६०६ आणि १६०७ या दोन वर्षांत पसरते. मोडी कागदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. फसलीचा हिशेब निराळा. संगणक हे करून देत नाही. मूळ सन तसाच टिपावा, शेजारी इसवी सन द्यावा, आणि आपण वापरलेल्या छापील आवृत्तीचे वर्ष वेगळे नोंदवावे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. बटण दाबून माहिती येते ती संकेतस्थळावरच्या तयार नोंदींच्या, आणि पुष्कळदा आयएसबीएन किंवा डीओआय अशा क्रमांकांच्या बळावर. आयएसबीएन हे १९७० च्या आसपासचे मानक. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून निघालेली शिळाछापाची उर्दू-फारसी पुस्तके, जुनी मासिके, दर्ग्याच्या उर्साला वाटलेली पुस्तिका, यांना असा क्रमांक कुठून असणार? ज्याला क्रमांक आहे ते चटकन सापडते, म्हणून त्याचाच संदर्भ दिला जातो. ज्याला नाही ते संदर्भांतून आणि हळूहळू इतिहासातून गळते. आपल्या घरांतील माळ्यांवर आणि मशिदींच्या कपाटांत पडलेल्या पुस्तकांची नोंद हाताने करावी लागेल. ती आपणच करायची आहे, दुसरे कोणी येणार नाही.

सॉफ्टवेअरमुळे एक जुना दोषही सोपा झाला आहे. पुष्कळ जण 'तारीख-ए-फरिश्ता' असा संदर्भ देतात, वाचलेले असते जॉन ब्रिग्जचे १८२९ चे इंग्रजी भाषांतर, किंवा त्यावर आधारलेले कोणाचे तरी मराठी पुस्तक. ब्रिग्जचे भाषांतर मोकळे आहे, त्यात मूळचा काही मजकूर गाळलेला आहे. मधली कडी लपवून थेट फरिश्ताचे नाव घेणे ही तद्लीसच. झोटेरोत अनुवादकासाठी वेगळी जागा आहे, ती भरायला अर्धे मिनिट लागते.

आणि आता मौजूचीही नवी आवृत्ती निघाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला संदर्भ मागितले की ती लेखक, शीर्षक, वर्ष, पान सारे देते. पुस्तक मात्र कधीकधी अस्तित्वातच नसते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असे न घडलेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. सनद देखणी आहे म्हणून खरी नसते, हे हदीसच्या अभ्यासकांनी बाराशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

हे सगळे मला आज का लिहावेसे वाटले? दख्खनच्या मुसलमानांच्या इतिहासावर रोज शेकडो मजकूर मोबाइलवर फिरतात. बदनामी करणारे फिरतात, त्यांच्याखाली संदर्भ नसतो. त्यांना उत्तर म्हणून आपल्याकडूनही फिरतात, त्यांच्याखालीही नसतो. शिवाजी महाराजांच्या सैन्यात अमुक टक्के मुसलमान होते, असा आकडा आपण अभिमानाने पुढे पाठवतो. तो कोणी, कोणत्या कागदावरून काढला, हे विचारत नाही. नूरखान बेग, काजी हैदर, दौलतखान ही नावे इतिहासाच्या साधनांत आहेत. ती कोणत्या साधनात, कोणत्या पानावर आहेत हे सांगितले, तर समोरच्याला थांबून विचार करावा लागतो. टक्केवारी फेकली तर तोही दुसरी टक्केवारी फेकतो. आपल्या बाजूचा असला तरी बिनसनदेचा मजकूर पुढे ढकलू नये, ही शिस्त आपल्या परंपरेनेच घालून दिली आहे. सोयीची वाटणारी खोटी वचने हदीसच्या अभ्यासकांनी आपल्याच लोकांविरुद्ध उभे राहून बाजूला काढली.

त्यामुळे प्रबंध लिहिणाऱ्यांना आणि न लिहिणाऱ्यांनाही माझे सांगणे एकच. झोटेरो मोफत आहे, आजच उतरवून घ्या. पहिली नोंद घरातल्या सर्वांत जुन्या पुस्तकाची करा. लेखकाचे नाव तो स्वतः लिहीत असे तसेच लिहा, लिपी मूळची ठेवा, छापखाना आणि सन मुखपृष्ठावरून नव्हे तर आतल्या पानावरून घ्या, आणि ते पुस्तक कोणाकडे पाहिले तेही टिपून ठेवा. पुढचा माणूस त्या नोंदीवरून पुस्तकापर्यंत पोहोचला पाहिजे.