खुर्चीतली मालिश

बसून काम करणाऱ्यांची दुखणी संगणकाने आणली, असं आपण सहज म्हणून जातो. पण बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने व्यवसायातून जडणाऱ्या रोगांवरच्या आपल्या ग्रंथाची १७१३ साली वाढीव आवृत्ती काढली, तेव्हा कारकून-लेखनिकांवर एक वेगळं प्रकरण घातलं. सतत बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्याला लागलेला घोर, ही त्याने दिलेली कारणं. आजही त्यात खाडाखोड करायला फारशी जागा नाही.

उपचार घेऊन आला तो मात्र वैद्य नव्हे, शिक्षक. फ्रँकफर्टचे यूलियुस वोल्फ सुलेखन शिकवत. लेखणी हातात घेताच ज्यांची बोटं आखडत, अशा लोकांचे हात चोळून, रगडून आणि ठरावीक व्यायाम करून घेऊन ते त्यांना पुन्हा लिहितं करत. शार्को आणि बिलरोथ यांच्यासारख्या त्या काळच्या बड्या डॉक्टरांनी या मास्तरांना दाद दिली. १८८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांच्या पद्धतीवर लेखही आला. मेजावर काम करणाऱ्यांच्या मालिशीचे मूळपुरुष म्हणून माझं मत वोल्फना.

तरीही मालिश कचेरीच्या दारातून आत यायला आणखी शंभर वर्षं गेली. आडवी आली ती लाज. मालिश म्हणजे कपडे उतरवणं, आडवं होणं, आणि मग लोकांच्या भुवया. १८९४ मध्ये त्याच ब्रिटिश नियतकालिकाने मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या भलत्या धंद्यांवर इतका गहजब केला, की लंडनच्या चार परिचारिकांनी आपल्या व्यवसायाची अब्रू राखायला प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्थाच काढली. ब्रिटनमधली आजची फिजिओथेरपिस्टांची प्रमुख संघटना तिच्यातूनच वाढली. आपल्या चौपाटीवरच्या मालिशवाल्याकडे पाहून कोणी भुवया उंचावल्या नसत्या, पण त्याचे तेलाचे हात फायलींजवळ कोण येऊ देणार?

तोडगा होता जपानमध्ये. तिथली ‘अन्मा’ कपड्यांवरूनच करतात. तेलाचा थेंब लागत नाही. शतकानुशतकं तो अंधांचा व्यवसाय. एदो काळात ते शिट्टी वाजवत रस्त्याने हिंडत आणि गिऱ्हाईक हाक मारी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा कारभार हाती घेतलेलं अमेरिकी लष्करी प्रशासन हा व्यवसायच बंद करायला निघालं होतं. अंध व्यावसायिकांनी कडाडून विरोध केला, आणि १९४७ च्या अखेरीस कायदा होऊन परवान्याच्या आधाराने तो तगला. पुढे हीच विद्या खुद्द अमेरिकेतल्या कचेऱ्यांत शिरली.

ती तिथे नेली डेव्हिड पामर यांनी. सॅन फ्रान्सिस्कोत ताकाशी नाकामुरा यांच्या हाताखाली ते अन्मा शिकले आणि १९८२ मध्ये तिथल्या शिक्षणसंस्थेची सूत्रं त्यांच्याकडे आली. विद्यार्थी तयार होत, पण त्यांना काम मिळत नसे. ‘मसाज पार्लर’ या नावाला तिथेही बट्टा लागलेला. गिऱ्हाईक येत नाही तर आपण जाऊ, असं पामरनी ठरवलं. साध्या खुर्चीवर बसवून, कपड्यांवरून, पंधरा मिनिटांत उरकेल असा दाबण्याचा ठरावीक क्रम त्यांनी बसवला. ॲपल ही त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी.

अडलं ते खुर्चीवर. दाब दिला की माणूस पुढे झुकतो, आणि तोल सावरायला नेमके तेच स्नायू ताठ करतो जे सैल करायचे असतात. शिवाय डोकं ठेवायचं कुठे? सर्ज बुइसू या फ्रेंच सुताराला हाताशी धरून पामरनी नवीच खुर्ची घडवली. १९८६ मध्ये ती बाजारात आली. तिच्यात माणूस उलटा बसतो: छाती गादीला टेकलेली, नडग्या खालच्या गाद्यांवर, चेहरा मऊ कड्यात. मान आणि खांद्यांवरचा भार उतरतो, नाकाला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि घडी घातली की खुर्ची एकट्याला उचलून नेता येते. या कथेत मला सर्वांत जास्त मोल वाटतं ते त्या सुतारकामाचं.

मालकांना पटेल असं कारण नंतर हाती आलं. मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २६ जणांना आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे, पंधरा मिनिटं खुर्चीतली मालिश दिली. २४ जणांना तेवढाच वेळ त्याच खुर्चीत नुसतं विसावायला सांगितलं. मालिश झालेल्यांनी गणितं अधिक लवकर आणि अधिक अचूक सोडवली. पन्नास माणसांवरचा प्रयोग तसा छोटाच, पण मालकांच्या कानाला गोड लागेल असा.

१९९९ मध्ये गुगल या तेव्हाच्या चिमुकल्या कंपनीने बॉनी ब्राउन यांना मालिशीसाठी अर्धवेळ नेमलं. आठवड्याला साडेचारशे डॉलर, आणि वर शेअरचे हक्क, ज्यांचं कधी काही होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पाच वर्षं इंजिनिअरांच्या पाठी दाबून त्या निवृत्त झाल्या तेव्हा कोट्यधीश होत्या. मग त्यांनी स्वतःच्या पाठीसाठी आठवड्याला मालिश लावून घेतली.