फक्त पाटी बदलली

३१ मार्च म्हटलं की आपल्याला आठवतो तो टॅक्स आणि वर्षअखेरीची धावपळ. मला मात्र त्या तारखेला व्हिस्टिऑनचे कामगार आठवतात.

३१ मार्च २००९. लंडनजवळचं एनफिल्ड, एसेक्समधलं बॅसिल्डन आणि उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट. तिन्ही ठिकाणी गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने. त्या दिवशी कामगारांना बोलावलं आणि काही मिनिटांत सांगून टाकलं, कंपनी दिवाळखोरीत गेली, तुमची नोकरी आजपासून संपली. साडेपाचशेहून जास्त माणसं! त्यातल्या कित्येकांची उभी हयात तिथेच गेलेली.

मुळात हे कारखाने फोर्डचे. २००० साली फोर्डने आपला सुट्या भागांचा धंदा वेगळा काढला आणि व्हिस्टिऑन ही स्वतंत्र कंपनी झाली. मशीन तेच, माणसं तीच, मुख्य गिऱ्हाईकही फोर्डच. बदलली ती फक्त गेटवरची पाटी. जुन्या कामगारांना शब्द दिला होता की तुमच्या नोकरीच्या अटी फोर्डसारख्याच राहतील. कोणीही विश्वास ठेवला असता. मीसुद्धा ठेवला असता.

आणि नऊ वर्षांनी कळलं, हातात पडणार ती सरकारी नियमाने किमान भरपाई!

बेलफास्टच्या कामगारांनी त्याच संध्याकाळी कारखान्यात ठाण मांडलं. दुसऱ्या दिवशी एनफिल्डचे आत शिरले, काही तर थेट छतावर चढले. कोर्टाच्या आदेशानंतर ९ एप्रिलला ते बाहेर पडले, पण घरी गेले नाहीत. मशिनरी बाहेर नेऊ द्यायची नाही म्हणून गेटवर रात्रंदिवस पहारा ठेवला. शेवटी मे महिन्यात फोर्डच्या जुन्या अटींप्रमाणे भरपाई मान्य झाली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पेन्शन फंडात मोठा खड्डा होता. फंड सरकारी संरक्षण योजनेकडे गेला आणि अनेकांचं पेन्शन ठरल्यापेक्षा कमी झालं. युनियन फोर्डविरुद्ध कोर्टात गेली. तडजोड व्हायला २०१४ साल उजाडलं. तोवर काहीजण ती बघायला उरलेच नव्हते.

नोकरी गेली हे दुःख मोठंच. पण मला जास्त टोचतो तो २००० सालचा शब्द. तो दिला एकाने, निभवायचा होता दुसऱ्याने, आणि त्या दुसऱ्याच्या खिशात काय आहे हे कामगाराला कोण सांगणार?

तुमच्या कंपनीत कधी "काही बदलणार नाही, फक्त नाव बदलेल" असं पत्र आलं, तर पेढे घ्या, अभिनंदनही करा. पण पेन्शन कोणाच्या खिशातून येणार, ते आधी लेखी मागून घ्या.