पुस्तक कोणतं घ्यायचं? वैद्यकशिक्षणाचा एक जुना प्रश्न

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं सीनियरना विचारतात, "ॲनाटॉमीला चौरसिया पुरेल का? परीक्षेच्या तोंडावर काय वाचू?" प्रश्न जुनाच आहे. पूर्वी त्यात भाषेचाही पेच असायचा.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 सालचं, शिक्षण इंग्रजीतून. 1861 च्या सुमारास तिथं मराठी वर्ग निघाला, पण वाचायला मराठीत पुस्तकं होती कुठं? मग शिकवणाऱ्यांनीच ती लिहायला घेतली. डॉ. सखाराम अर्जुन त्यांतलेच एक.

आपली ढोकी तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या मुलानं डॉक्टर व्हायचं, तर राजधानी हैदराबाद. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, माध्यम उर्दू. भाषांतरासाठी दारुल तर्जुमा हे वेगळं खातंच उघडलं होतं. वैद्यकाचे ग्रंथही उर्दूत आणले गेले. म्हणजे घरी मराठी बोलायची आणि शरीररचना उर्दूतून शिकायची! सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, पुढं माध्यम इंग्रजी झालं आणि ती पुस्तकं मागं पडली.

यातून काय घ्यायचं? पुस्तक जाड की बारीक, हे नंतर बघा. आधी बघा, ते आपल्याला कळतंय का. उजळणीचं पुस्तक समजलेलं आठवून देतं. न समजलेलं समजावत नाही. म्हणून वर्षभर मूळ पुस्तक एकच धरावं, उजळणीचं शेवटी.

आता धाराशिवलाच सरकारी मेडिकल कॉलेज आहे. वाट जवळ आली. मराठी शाळेतून येणाऱ्या पोराला इंग्रजी पुस्तक मात्र अजूनही लांबच वाटतं.