काचेआडची ओल

लंडनच्या पूर्व भागात वेलक्लोज चौकात नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचा एक डॉक्टर राहत असे. घरी नेचे वाढवावेत ही त्याची हौस. परंतु शहरातील कोळशाच्या धुरात ती रोपे जगत ना. १८२९ साली त्याने पतंगाचा एक कोश ओलसर मातीत ठेवून बाटलीचे तोंड झाकले. पतंग कसा बाहेर पडतो, एवढेच त्याला पाहावयाचे होते. दिवसा मातीतील पाण्याची वाफ काचेवर जमे आणि पुन्हा खाली उतरे. पतंग निघण्यापूर्वीच त्या मातीत एक नेचा व गवताचे एक रोप उगवले. बागेत जे साधले नाही ते बाटलीत साधले! ही रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि ती मेली.

१८३३ साली निघालेल्या अशा दोन पेट्यांतील रोपे सिडनीस सुखरूप पोचली. रॉबर्ट फॉर्च्युन याने चीनमधील चहा हिंदुस्थानात आणला तोही अशाच पेट्यांतून. काचेची पेटी पुढे प्राणी पाळणाऱ्यांच्याही घरी आली, आणि विसाव्या शतकात तीत टॅरंटुला हा थोराड, केसाळ कोळी नांदू लागला.

वनस्पतीला मानवलेला कोंडमारा या जिवाला मानवत नाही. त्याच्या पोटाखाली फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. आत पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे. त्याला ओल हवी, हे खरे; परंतु साचलेल्या दमट हवेत उरल्यासुरल्या भक्ष्यावर बुरशी चढते. म्हणून जाणते लोक सगळी पेटी भिजवीत नाहीत. एका कोपऱ्यातील माती ओली, बाकीची कोरडी, जवळ पाण्याची उथळ वाटी; आणि एका बाजूस खाली, समोरच्या बाजूस वर अशी भोके. उबदार हवा वरून निघून जाते, ताजी खालून येते. भोके बुजवली की आर्द्रतामापकावरचा आकडा तेवढा वाढतो.

एका भारतीय कोळ्याच्या बाबतीत ही गोष्ट केवळ हौसेची राहिलेली नाही. आजच्या आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या एका निळ्या कोळ्याचे वर्णन पोकॉक याने १८९९ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर शंभर वर्षे तो अभ्यासकांच्या दृष्टीस पडला नाही. २००१ साली नंद्याळ व गिद्दलूर यांच्यामधील जंगलात तो पुन्हा आढळला. गुत्तीला तो बहुधा लाकडांबरोबरच आला असावा. २००८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली, आणि परदेशांतील काचपेट्यांत त्याची पिले वाढू लागली. जंगलात त्याचे घर म्हणजे जुन्या झाडाची ढोली. पावसाळ्यात ती आतून ओलीचिंब होते; तिचे तोंड मात्र उघडेच असते.